लोअर आर्मचे बुश घरी बदलायचेत, तर टूल्स स्वतः बनवू का?

प्रश्न कळव्याहून आलाय. नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, रोज घोडबंदर रोडने ये-जा, आणि आता चाक खड्ड्यात गेलं की पुढून डावीकडे ठक-ठक आवाज. गॅरेजवाल्याने अख्खा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा, बदलायला सांगितला. यांना नंतर कळलं की नुसते बुशही, म्हणजे आर्ममध्ये बसणारे लोखंडी कवचातले रबरी तुकडे, मिळतात, पण ते काढायला-बसवायला पुलरचा सेट लागतो आणि तो एका कामासाठी परवडत नाही. घरात छोटं वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे. म्हणून विचारतायत: बुशचं टूल स्वतः बनवू का? आणि बनवायला बसलोच आहे तर पुढे शॉकअपसाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं टूल) आणि गाडीखाली लावायला स्टँडही वेल्ड करून टाकू का?

बुशच्या टूलला माझा होकार आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि स्टँड मात्र घरी बनवू नका. तिन्ही वस्तू लोखंडाच्या आणि तिन्हींवर मोठा जोर येतो, तरी उत्तर वेगळं का, ते नीट सांगतो. ते एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक टूलचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

मी वागळे इस्टेटला लागून गॅरेज चालवतो, त्याआधी टूलरूममध्ये होतो. माझ्या भिंतीवर टांगलेल्या टूल्सपैकी बरीचशी आम्हीच बनवलेली आहेत. नवीन काही बनवायचं ठरलं की मी एकच गोष्ट विचारतो: पूर्ण जोर लागलेला असताना हे तुटलं, तर तो जोर कुठे जाईल?

आकड्यांनी बघू. बुश ओढायच्या बोल्टवर अडीच टन ताण आला असं धरा. एम १६ चा बोल्ट, दोन नटांमधली लांबी २०० मिलिमीटर. एवढ्या ताणाखाली तो जेमतेम ०.१५ मिलिमीटर लांबतो. म्हणजे त्यात साठलेली ऊर्जा दोन ज्यूलच्या आसपास, एक किलोचा हातोडा वीतभर उंचीवरून सोडल्यावर येते तेवढीच. बोल्ट तुटला तर ‘कट्’ असा आवाज येईल, नट सैल पडेल, काम थांबेल. चष्मा डोळ्यावर हवाच, पण बहुतेक वेळा त्यापलीकडे काही होत नाही.

आता शॉकअपची स्प्रिंग घ्या. एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर जोर साधारण तीनशे किलो. बुशच्या बोल्टवरच्या ताणाचा आठवा हिस्सा. पण साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल, म्हणजे शंभरपट. दहा किलोचं वजन सव्वादोन मीटरवरून तोंडावर पडावं तेवढी. घरी वाकवलेला हुक घसरला किंवा वेल्ड सुटला तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात बाहेर येते, आणि स्प्रिंग दाबताना माणसाचं डोकं नेमकं तिच्यावर वाकलेलं असतं. म्हणून माझ्याकडे वेल्डर असूनही मी स्प्रिंग कॉम्प्रेसर कधी बनवला नाही, आणि तुम्हीही बनवू नका. विकतचा चांगला घ्या, नाहीतर स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप) खोलून गॅरेजमध्ये न्या आणि तेवढं काम त्यांच्याकडून करून घ्या.

स्टँडचंही तसंच. तिथे टूल तुटलं तर वरून गाडी येते आणि खाली तुम्ही असता. वेल्ड बाहेरून कितीही देखणा दिसला तरी आत किती धरलाय हे घरी तपासता येत नाही. स्टँड विकत घ्या, ज्यावर भार लिहिलेला आहे असे. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरू नका. सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते न वाकता, काही कल्पना न देता फुटतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना जाणवत नाही. फरशीवर पाणी ओतून उतार बघा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, मग स्टँड लावा. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा.

आता बुशकडे वळू. पण टूल बनवण्याआधी ते लागणार आहे का हे बघा. आवाज बुशचाच आहे का? आपल्याकडे ठक-ठक बऱ्याचदा लिंक रॉडची (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीची) निघते, आणि लिंक रॉड दोन नटांचं काम आहे. गाडी स्टँडवर घेऊन बुशपाशी पहार घाला आणि आर्म पुढे-मागे हलवा. रबर फाटलं असेल तर चीर उघडताना दिसेल. त्याच वेळी बॉल जॉइंट, म्हणजे आर्म चाकाकडच्या भागाला जोडणारा गोल सांधा, बघा. तुमच्या गाडीत बॉल जॉइंट आर्ममध्येच पक्का बसवलेला असेल आणि त्यालाही खेळ आला असेल, तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, पूर्ण आर्म घ्या. नऊ वर्षांच्या गाडीला नवीन बुश आणि जुना बॉल जॉइंट म्हणजे सहा महिन्यांत तोच आर्म पुन्हा खोलणं. बॉल जॉइंट घट्ट असेल, त्याचं रबरी बूट शाबूत असेल, तरच नुसते बुश बदलण्यात अर्थ आहे.

तिसरा मार्गही आहे आणि अनेकांना मी तोच सुचवतो. आर्म स्वतः काढा, पिशवीत घालून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपला न्या, बुश दाबून आणा, स्वतः बसवा. एकदाच करायचं काम असेल तर हेच शहाणपणाचं. दोन्ही बाजूंचे बुश, पुढे भावाची गाडी, मग मागच्या अ‍ॅक्सलचे बुश असा विचार असेल, तर टूल बनवा.

टूल अगदी साधं आहे. एक लांब बोल्ट, दोन डब्या, जाड वॉशर. मोठी डबी म्हणजे पाइपचा तुकडा, जिच्यात जुना बुश सरकत येणार. तिचा आतला व्यास बुशच्या बाहेरच्या लोखंडी कवचापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त आणि लांबी बुशपेक्षा थोडी जास्त. छोटी डबी बुशला ढकलते. तिचा बाहेरचा व्यास कवचापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर कमी, म्हणजे ती बुशच्या मागोमाग भोकात शिरेल, पण टेकेल ती लोखंडी कवचावरच. हे फार महत्त्वाचं आहे. डबी रबरावर टेकली तर नवीन बुश बसवतानाच फाटतो, आणि तो फाटलाय हे महिन्याभराने कळतं.

बोल्ट निवडताना लोक सगळ्यात जास्त फसतात. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारा थ्रेडेड रॉड बहुतेक वेळा ४.६ किंवा ४.८ ग्रेडचा, म्हणजे मऊ असतो. एम १२ चा ४.६ ग्रेडचा रॉड दोन टनांच्या थोडा वर गेला की कायमचा ताणला जातो. कोरड्या आट्यांवर ६० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, म्हणजे फूटभराच्या पान्यावर वीस किलो जोर लावला, की तुम्ही त्या हद्दीच्या पलीकडे गेलेले असता. मग नट फिरतोय असं वाटतं, बुश हलत नाही आणि रॉड लांबत जातो. ८.८ ग्रेडचा एम १६ घेतलात तर तीच हद्द दहा टनांवर जाते. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो, तो वाचून घ्या. एवढा लांब बोल्ट जवळच्या दुकानात मिळाला नाही तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला मिळेल. नटही त्याच ग्रेडचा हवा, कारण चांगल्या बोल्टवर मऊ नट घातला की आटे नटाचे जातात. आट्यांना आणि नटाच्या तोंडाला मॉलिब्डेनमवालं ग्रीस भरपूर लावा. तेवढ्याच हाताने जोर तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि बोल्टचं आयुष्यही.

जाडा बोल्ट सगळीकडे चालतो असं नाही. बुशच्या मधल्या नळीतून एम १६ जात नसेल तर १०.९ ग्रेडचा एम १२ किंवा एम १४ घ्या. जे नळीतून जाईल त्यातलं सगळ्यात जाड आणि सगळ्यात चांगल्या ग्रेडचं, एवढं लक्षात ठेवा.

डब्या घरी ग्राइंडरने कापू नका. पाइप हाताने कापला की तोंड तिरकं होतं. मग जोर एका कडेवर जातो, बुश भोकात वाकडा शिरतो आणि आर्मचं भोक खरवडतो. ही डबी लेथवर फेसिंग करूनच हवी, दोन्ही तोंडं काटकोनात. तुम्ही ठाण्यात आहात याचा इथे खरा फायदा आहे. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. मोठे कारखाने गेले तरी गाळ्यांमधून एकेक-दोनदोन लेथ घेऊन बसलेले टर्नर अजून आहेत. तुमच्या बाजूला, खाडी न ओलांडता, रबाळे-महापेलाही मिळतील. त्यांच्याकडे जाताना नवीन बुश सोबत न्या, कागदावर दोन्ही डब्यांचं चित्र काढा, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहा आणि कुठलं माप आतलं, कुठलं बाहेरचं ते स्पष्ट दाखवा. सीमलेस (बिनजोडाचा) पाइप किंवा ईएन ८ या पोलादाचा तुकडा सांगा, मोठ्या डबीची भिंत पाच मिलिमीटरपेक्षा पातळ नको. ‘जरा टाइट बसायला पाहिजे’ असं सांगू नका, टर्नरला आकडा लागतो. आणि गर्दीच्या वेळी गेलात तर थांबायची तयारी ठेवा, तुमच्या दोन डब्यांसाठी तो चालू जॉब मशीनवरून उतरवणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा मार्करने आर्मवर लिहा आणि फोटो काढा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या असतात, त्या ठरावीक दिशेलाच हव्यात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आपल्याकडच्या तीन-चार पावसाळ्यांनंतर कवच आणि आर्म एकजीव झालेले असतात. आर्म पत्र्याचा आणि दोन कानांचा असेल तर कानांच्या मध्ये बरोबर मापाचा लोखंडी तुकडा अडकवा, नाहीतर बुश निघायच्या आधी आर्म चेमटेल. नट आवळताना बुश एकदम ‘खाड्’ आवाज करून सुटतो, त्याला घाबरू नका. पण पान्याला हाताचा पूर्ण जोर लावूनही हलत नसेल तर पाइप लावून अजून जोर देऊ नका. तिथे थांबा. कवचाला हॅक्सॉने आतून उभी चीर द्या, आर्मला ब्लेड लागू देऊ नका, की ते आकसून सहज निघतं. बुश निघाला की भोक बारीक एमरीने साफ करा. नवीन बुश बसवताना पहिले दोन-तीन मिलिमीटर तो सरळ जातोय की नाही हे चारही बाजूंनी बघा. तिरका वाटला तर लगेच बाहेर काढून पुन्हा धरा.

आणि बसवल्यावरची एक गोष्ट, जी घाईत राहून जाते. आर्मचे बुशमधले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. नुसते टेकवा, चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोनदा दाबून हलवा आणि मग गाडीचं वजन चाकांवर असताना टॉर्क द्या. हवेत आवळलं तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. मग सगळे म्हणतात की पार्ट डुप्लिकेट होता.

टॉर्क रेंच नाही म्हणून अंदाजाने आवळू नका. हे टूल मात्र घरी जमतं: प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा. बोल्टच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याच्या दांड्याला दोरी बांधा, काटा लावा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. २० किलो दाखवले तर २० गुणिले ०.५ गुणिले ९.८, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. छोट्या गाड्यांच्या चाकांच्या नटांना साधारण ८० ते ११० लागतात, आर्मच्या बोल्टचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इंजिनच्या हेडबोल्टसाठी ही रीत वापरू नका, पण सस्पेन्शनसाठी हाताच्या अंदाजापेक्षा ती कितीतरी चांगली आहे.

अशी आणखी थोडी टूल्स आहेत जी मी कुणालाही आनंदाने बनवायला सांगेन. ब्रेक ब्लीड करायची बाटली त्यातली पहिली: पारदर्शक बाटली, झाकणाला दोन भोकं, एकातून पारदर्शक नळी तळापर्यंत, दुसरं हवा जायला. तळाशी थोडं नवीन ब्रेक ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवून ठेवा, हवा परत शिरत नाही. बाटलीतून निघालेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. खाडीकाठच्या आपल्या हवेत डबा उघडा ठेवणंसुद्धा बरोबर नाही.

हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरून ठेवायची पट्टीही करा. ४० बाय ८ ची मीटरभर लांब पट्टी, एका टोकाला दोन भोकं, चाकाच्या शेजारच्या दोन स्टडवर नटांनी बसवायची आणि दुसरं टोक जमिनीला टेकवायचं. एकट्याला अ‍ॅक्सलचा नट सोडवता येतो, ब्रेकवर पाय ठेवायला दुसरा माणूस लागत नाही. चार स्टडच्या हबला पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचा व्यास, १०० मिलिमीटर असेल तर शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर ७०.७ मिलिमीटर येतं. भोकं मिलिमीटरभर मोठी ठेवा.

जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग फेकू नका. ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने तिचा बाहेरचा व्यास जरासा घासून घ्या, म्हणजे ती भोकात सैल जाते, आणि नवीन बेअरिंग दाबून बसवायला अगदी त्याच मापाची डबी फुकट मिळते. फक्त त्या रिंगवर हातोडा थेट मारू नका. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की त्याची कपची गोळीसारखी उडते. वर मऊ लोखंडाची जाड चकती ठेवा, किंवा आपल्या त्याच बोल्टने दाबा.

टेस्ट लॅम्पबद्दल मात्र सावध राहा. बल्ब आणि दोन वायरी जोडून तो पाच मिनिटांत होतो आणि जुन्या गाडीत कामाचा आहे. पण ५ वॉटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर खेचतो, ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) आणि सेन्सरच्या वायरींना ते सोसवेलच असं नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर त्याचा स्पर्शही नको. त्या कामाला साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या.

तुमच्याकडे वेल्डिंग मशीन आहे म्हणून थोडं मटेरियलबद्दल. गोटी पान्याची गोटी, बेअरिंग, स्प्रिंगचा पाटा हे सगळं उष्णता देऊन कडक केलेलं पोलाद आहे. त्याला वेल्ड मारला की शेजारची जागा ठिसूळ होते आणि पहिल्या झटक्यात तिथेच चीर जाते. गोटीला दांडा वेल्ड करून टूल करायची सवय बऱ्याच जणांना असते. हलक्या कामाला ते चालून जातं, पण शरीराचा जोर टाकून ओढायचं असेल तर नको, कारण तुटल्यावर तुम्ही मागे आदळता. शिवाय क्रोम प्लेटिंगचा धूर विषारी असतो, तो थर आधी घासून काढावा लागतो. जस्त चढवलेल्या जीआय पाइपचंही तेच: जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि ब्रेक क्लीनर मारलेला पार्ट पूर्ण सुकल्याशिवाय, किंवा क्लीनरचा डबा जवळ असताना वेल्डिंग करूच नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट असतं, त्यापासून आर्कच्या उष्णतेने फॉसजीन वायू तयार होतो.

पोलाद ग्राइंड करताना रंगावर लक्ष ठेवा. कडा पिवळसर झाली की थांबून पाण्यात बुडवा. निळा रंग चढला म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि तिथला कडकपणा उतरला. घासून निळा रंग जातो, कडकपणा परत येत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करू नका. शेजारच्या गाडीची पेट्रोल टाकी, वरची केबल आणि कोपऱ्यातला पुठ्ठा, तिन्ही ठिणगीच्या टप्प्यात असतात. तुमच्या या कामाला वेल्डिंग लागतच नाही. बोल्ट विकत, डब्या लेथवर, बाकी पाना आणि ग्रीस.

तर आधी पहार घालून बुश आणि बॉल जॉइंट तपासा. बॉल जॉइंट चांगला निघाला तर नवीन बुश आणा आणि व्हर्नियरने त्याच्या कवचाचा बाहेरचा व्यास, लांबी आणि मधल्या नळीचं भोक अशी तीन मापं घ्या. ती कळवलीत की दोन्ही डब्यांची मापं आणि बोल्टची लांबी मी काढून देतो, तोच कागद टर्नरला दाखवा.